सेनासन, छावणी, बेगमी : पुण्याच्या विद्यार्थ्याचे पावसाळी बिऱ्हाड

पावसाळ्यासाठी घर सज्ज करण्याच्या कामाला मराठीत एक शब्द नाही, दोन आहेत. आणि ते दोन वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला येतात. छपरावरची कौले उतरवून, फुटकी काढून, वासे-रिपा पाहून पुन्हा नीट बसविणे ही शाकारणी. ती घराच्या मालकाची. धान्य, मीठ-मिरची, पापड-लोणची, सरपण, गोवऱ्या यांचा चार महिने पुरेल असा साठा करून ठेवणे ही बेगमी. ती संसार करणाराची. कोकणात पावसाच्या तोंडाला ‘आगोट’ म्हणतात आणि तेथे आगोटीची बेगमी हा वर्षातील एक मोठा व्यवहार असतो. देशावर तितका धाक नाही, कारण पुण्यासारखे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, पुण्यात सरासरीने सातशेच्या आसपास. तरीही मृगापूर्वी कौले फिरविणे आणि कोठी भरणे हा क्रम पुण्याच्या पेठांतही शतकानुशतके चालत आला.

प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या दोन्ही शब्दांच्या कक्षेबाहेर राहिलेल्या माणसाचा. तो म्हणजे विद्यार्थी. त्याच्या डोक्यावरचे छप्पर त्याचे नसते, म्हणून शाकारणी त्याच्याकडे नाही. त्याचा संसार नसतो, म्हणून बेगमीही नाही. विद्येसाठी परगावी आलेल्या या माणसाचा पावसाळा कोणी आणि कसा निभावून न्यावयाचा, हा प्रश्न पुण्याच्या परिसरात किमान एकोणीसशे वर्षे जुना आहे आणि त्याची वेगवेगळ्या काळांत दिली गेलेली उत्तरे लेखी स्वरूपात आपल्यापुढे आहेत. ती उत्तरे क्रमाने पाहिली असता त्यांत प्रगतीची सरळ रेषा दिसेल अशी अपेक्षा मात्र वाचकाने ठेवू नये.

प्रथम सर्वांत जुने उत्तर. विनयपिटकातील महावग्गाच्या तिसऱ्या खंधकात वर्षावासाचा नियम का झाला याची कथा आली आहे. भिक्षू भर पावसात हिंडतात, हिरवे गवत तुडवितात, बारीकसारीक जीव चिरडतात, पक्षीदेखील पावसाळ्यासाठी झाडांच्या शेंड्यांवर घरटी करून राहतात आणि यांना तेवढेही सुचत नाही, असा लोकापवाद उठला, तेव्हा वर्षाकाळी एका जागी राहण्याची अनुज्ञा झाली. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी अथवा त्यानंतर एका महिन्याने वर्षावासाला बसावयाचे आणि तीन महिने ठाण मांडावयाचे. पुढे कोणत्या जागी बसू नये याची यादी येते, ती वाचताना आजच्या वाचकाला हसू आवरणार नाही. झाडाच्या ढोलीत नको, फांद्यांच्या बेचक्यात नको, उघड्यावर नको, प्रेते ठेवण्याच्या खोपटात नको, छत्रीखाली नको आणि रांजणात नको. नियम कल्पनेने होत नाहीत. कोणीतरी तसे केल्यावाचून असा निषेध उत्पन्न होत नाही. म्हणजे छत्री उभारून तिच्याखाली तीन महिने काढू पाहणारे महाभाग त्या काळीही होते.

या यादीतील एक निषेध आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. जेथे ‘सेनासन’ नाही तेथे वर्षावास करू नये. सेनासन म्हणजे शयन आणि आसन; निजण्याची आणि बसण्याची जागा. पालीत राहण्याच्या जागेला हाच सामान्य शब्द आहे. घर, भिंत, छप्पर यांवरून निवासाचे नाव पडलेले नाही, ते पडले आहे बिछान्यावरून. आणि ही केवळ व्युत्पत्तीची गंमत नव्हे, व्यवहारही तसाच होता. चुल्लवग्गातील सेनासनखंधकात निवासाचे वाटप करण्यासाठी एक अधिकारी नेमावयास सांगितले आहे. त्याच्या ठिकाणी पाच गुण हवेत: लोभ, द्वेष, मोह आणि भय या चारांमुळे त्याने पक्षपात करू नये आणि कोणती जागा दिली गेली व कोणती राहिली हे त्याला ठाऊक असावे. पाचवा गुण पहिल्या चारांच्या पंक्तीला बसविणाऱ्या माणसाने वसतिगृहाचा कारभार जवळून पाहिलेला असला पाहिजे. त्या अधिकाऱ्याने वाटप कसे करावे? आधी भिक्षू मोजावे, मग शय्या मोजाव्या आणि शय्येच्या हिशेबाने जागा द्यावी.

पुण्यात शिकलेल्या कोणालाही येथे एक शब्द आठवल्यावाचून राहणार नाही. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत आणि पुढे कोथरूड-कर्वेनगरापर्यंत विद्यार्थ्यांच्या जागा ‘कॉट बेसिस’वर मिळतात. एका खोलीत तीन किंवा चार खाटा, आणि भाडे खोलीचे नव्हे तर खाटेचे. शब्द दोन्ही इंग्रजी, परंतु त्यांचा हा जोड आणि हा अर्थ पुणेरी आहे. आणि पालीतील ‘सेय्यग्ग’ या पदाला आजच्या भाषेत याहून चपखल प्रतिशब्द सापडणे कठीण. अर्थात साम्य येथेच संपते. संघात शय्या मोजणारा अधिकारी होता, आणि पडझड दुरुस्त करण्याचे काम, ज्याला ‘नवकम्म’ म्हणत, ते विशिष्ट भिक्षूकडे सोपविलेले असे. जो दुरुस्ती पाहील त्याला पावसाळ्याचे तीन महिने ती जागा स्वतःकडे राखून ठेवता येई. इतर ऋतूंत तो हक्क नसे. छपराची काळजी आणि छपराखालचा हक्क यांची अशी सांगड नंतरच्या इतिहासात क्वचितच घातली गेली.

पोटाचा आणि वस्त्राचा प्रश्न कसा सुटला हे पाली ग्रंथांपेक्षा आपल्याच डोंगरांतील शिलालेख अधिक स्पष्टपणे सांगतात. पुणे जिल्ह्यातील कार्ले येथील लेखात नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिल्याचा उल्लेख आहे. वलूरक म्हणजेच कार्ले. दान वर्षावास करणाऱ्या सर्वांसाठी आहे. पंथाचा वा मूळ ठिकाणाचा भेद त्यात केलेला नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात याच उषवदाताचा वर्ष ४२ चा लेख आहे आणि तो तर जमाखर्चाच्या वहीतून उतरल्यासारखा आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण ठेवले, व्याज दरमहा शेकडा एक. दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार ठेवले, व्याज दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याज तेवढे भोगावयाचे. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावयाचे. दुसरीचे व्याज ‘कुशणमूल’ नावाच्या खर्चासाठी. हिशेब करून पाहावा: दोन हजारांवर दरमहा वीस, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस, वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा दिले की एकही नाणे उरत नाही. सेनार यांनी हे लेख ‘एपिग्राफिया इंडिका’त संपादून आता शतक उलटले, पण या आकड्यांकडे ‘वसतिगृहाचे अंदाजपत्रक’ म्हणून कोणी पाहिलेले माझ्या वाचनात नाही.

भाषेच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावयास हरकत नाही. ‘पाऊण’साठी लेखात ‘पायून’ असे रूप आहे. संस्कृत पादोन आणि मराठी पाऊण यांच्या मधला तो टप्पा दगडावर जसाच्या तसा राहिला आहे. तसेच ‘लेणे’. संस्कृत लयन, प्राकृत लेण, म्हणजे लपण्याची, आश्रयाची जागा. अंगावर घालावयाचे लेणे वेगळे, ते ‘लेवणे’चे. आज आपण कार्ल्याला लेणे पाहावयास जातो ते शिल्पासाठी. शब्द मात्र अजून आडोसाच सांगतो.

हे भिक्षू विद्यार्थी होते काय, अशी शंका कोणी घेईल. वर्षावासात पाठांतर आणि अध्ययन यांना किती महत्त्व होते हे एका अपवादावरून कळते. वर्षावासात सात दिवसांपुरते बाहेर पडण्याची मुभा मोजक्या कारणांसाठीच होती. त्यांपैकी एक कारण असे की, एखाद्या उपासकाला एखादे सूत्र पाठ आहे आणि ते लुप्त होण्यापूर्वी भिक्षूंनी येऊन शिकून घ्यावे असा त्याचा निरोप आला आहे. पावसाची नाकेबंदी ग्रंथासाठी मोडता येत होती. आणखीही एक सवलत होती, तिची आठवण वाचकाने ठेवावी: राहण्याची जागा आगीत जळाली अथवा पाण्याने वाहून गेली, तर वर्षावास मोडून निघून जाण्यात दोष नाही.

यानंतरचे उत्तर विद्यार्थ्यांचे नाही, सैन्याचे आहे. तरीही ते येथे घेणे भाग आहे, कारण पावसाळी तजविजीचे इतके बारकाईने केलेले मराठी वर्णन दुसरे नाही. चिपळूणनजीक हालवर्ण येथे मुक्कामास असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये या आशयामुळे ते सर्वतोमुखी झाले. परंतु पत्राचा प्रारंभीचा विषय पावसाळ्याचा साठा हा आहे. दाणा आणि गवत पावसाळ्यासाठी जमविलेले आहे. ते आताच मनास मानेल तसे खर्च केले तर ऐन पावसात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग लोक कुणब्यांच्या घरी धान्य, भाजी, लाकूड ओरबाडावयास जातील. पुढे आगीचा विचार आहे. गवताच्या गंजीजवळ कोणी आगटी करील, कोणी तंबाखू ओढील, एखादी ठिणगी वाऱ्याने उडेल. रात्री दिवा तसाच जळत ठेवला तर उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल, आणि सारी गवताची लागण भस्म होईल. उंदराने वात नेण्याची ही शक्यता ज्याला सुचते त्याने अशा छपराखाली रात्री काढलेल्या आहेत.

या मुक्कामाला मराठीत ‘छावणी’ म्हणतात. छावणे म्हणजे छप्पर घालणे, संस्कृत छादन. उन्हाळ्यात लष्कर तंबूत वा उघड्यावर राही. पावसाळ्यात त्याला गवताची छपरे घालून एका जागी राहावे लागे. पुढे इंग्रजी अमदानीत छावणी म्हणजे फौजेची कायमची वस्ती, कॅन्टोन्मेंट, असा अर्थ रूढ झाला आणि शब्दातले पावसाचे पाणी आटून गेले. ‘छत्र’ही याच धातूचे. छत्रीखाली वर्षावास नको असे सांगणारा विनयकार आणि छावणीचे छप्पर सांभाळा असे बजावणारा राजा एकाच धातूच्या दोन रूपांमधला भेद सांगत आहेत, असे म्हटल्यास ते केवळ कोटी ठरू नये.

‘बेगमी’ हा शब्द फारसी आहे. बे म्हणजे वाचून, गम म्हणजे दुःख वा चिंता. बेगमी म्हणजे निश्चिंती. फारसीत तो मनाच्या अवस्थेचा वाचक आहे. मराठीने त्याला कोठीत नेऊन ठेवले आणि साठ्याचे नाव केले. चिंता नसण्याची अवस्था ज्या वस्तूंमुळे येते त्या वस्तूंनाच ते नाव मिळाले. ‘मोसम’ आणि ‘मान्सून’ यांचेही असेच कौतुक आहे. मूळ अरबी मौसिम. एक वाट फारसीतून आली, तिने मोसम दिला. दुसरी अरबी खलाशांकडून पोर्तुगीजांकडे आणि तेथून इंग्रजीत गेली, तिने मान्सून दिला. वर्तमानपत्रांत ‘मोसमी पाऊस’ आणि ‘मान्सून’ हे दोन्ही शब्द सुखाने नांदतात आणि ते सख्खे भाऊ आहेत हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पुण्याच्या विद्यार्थ्याकडे वळताना एक उलटापालट ध्यानी घेतली पाहिजे. भिक्षू पावसाळ्यात हिंडणे थांबवी. पेशवाईतील विद्वान ऐन पावसाळ्यात पुण्याला येई. श्रावणमासातील दक्षिणेची प्रथा तळेगावी दाभाड्यांनी चालविली होती, ती १७३१ मध्ये त्र्यंबकराव दाभाडे डभोईच्या लढाईत पडल्यानंतर पेशव्यांकडे आली. दूरदूरचे ब्राह्मण नद्या-ओढे ओलांडून पुण्यात जमत आणि पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा वाटली जाई. हजारो माणसांचा हा जमाव श्रावणातील पुण्यात कोठे निजत होता, याचा विचार दक्षिणेच्या रकमेइतका झालेला नाही. पेशवाई संपल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशांतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली आणि पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेजाची परंपरा सुरू झाली. पुण्यातील उच्च शिक्षणाचा आरंभ असा एका पावसाळी दानाला जोडलेला आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील विद्यार्थ्याचे बिऱ्हाड हे वाड्यातील बिऱ्हाड. (बिऱ्हाड हा शब्दही मुळात मुक्कामाचाच, कन्नडातील ‘बिडार’ त्याच्या जवळचा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते हे विद्यार्थ्याइतके कोणालाच लागू पडत नाही.) माधुकरी मागून अथवा वार लावून जेवणारा विद्यार्थी बहुधा माडीवरच्या खणात, जिन्याखालच्या अंधाऱ्या कोंदणात किंवा परसातील पत्र्याच्या खोलीत असे. घराचे उत्तम भाग मालकाचे, त्याखालचे संसारी भाडेकरूंचे, आणि जेथे गळते ते विद्यार्थ्याचे, अशी ही वाटणी. छपराच्या अंगांची नावे मराठीत किती नेमकी आहेत पाहा. आढे, वासे, रिपा, कौले. छपराच्या कडेखालची जागा ती वळचण. कडेवरून गळणारी धार ती पागोळी. पाणी वाहून नेणारे ते पन्हळ. एका वास्तूच्या वरच्या अंगाला इतके शब्द, आणि ते सर्व वरून येणाऱ्या पाण्याचे. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

त्या काळच्या विद्यार्थ्याची बेगमी काय होती? ट्रंक विटांवर चढवून ठेवणे, कारण शहाबादी फरशीला पाझर सुटे. पुस्तकांत वेखंडाचे तुकडे आणि निंबाचा पाला घालणे, कारण कसर आणि वाळवी यांना पाणिनीची भीती नसते. खिडकीला झडीच्या बाजूने गोणपाट बांधणे. खोलीतच दोरी बांधून धोतर वाळविणे. ते दोन दिवसांत वाळले तर भाग्य. कंदिलाला आणि स्टोला रॉकेल आधीच आणून ठेवणे. अंगावर घोंगडी, आणि घरून येणारी मेतकूट-चटणीची बरणी. गळतीखाली घमेले ठेवावयाचे आणि ते भरले की कोणी उठावयाचे यावरून वाद घालावयाचे. १९०० साली कर्व्यांनी हिंगण्याच्या माळावर आश्रमाची झोपडी उभारली तेव्हा गावापासून तेथपर्यंत धड रस्ता नव्हता, आणि पावसाळ्यात सामान घेऊन ते चिखल तुडवीत जात. मुलींच्या शिक्षणाचा पुण्यातील एक थोर अध्याय असा एका छपराखाली सुरू झाला. १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह आणि १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांची विद्यार्थी साहाय्यक समिती निघाली. या संस्थांनी केलेली गोष्ट आमच्या परिभाषेत अशी सांगता येईल की, छप्पर आणि कोठी ही दोन्ही एका हाती आणून त्यांनी विद्यार्थ्याला पुन्हा सेनासन दिले. परंतु त्यांत जागा मिळणारे थोडे, बाहेर राहणारे फार.

बाहेर राहणाऱ्यांच्या छपरांचे काय झाले हा कायद्याचा इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. त्याच कायद्याने घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती, आणि नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने ती करून खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत भाड्यातून वळता करून घ्यावा अशी सोय ठेवली होती. कागदावर हे नवकम्मच. व्यवहारात गोठलेल्या भाड्यातून शाकारणीचा खर्च निघेना, मालक उदासीन झाला. कायम भाडेकरू आपल्या पैशाने दुसऱ्याचे घर का सांभाळावे म्हणून थांबला. आणि पोटभाडेकरू विद्यार्थ्याला तर कायद्यापुढे तोंडच नव्हते. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला तोपर्यंत अनेक वाड्यांची आढी वाकलेली होती. पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा लागतात, हा आता पुण्याच्या पंचांगातला एक दिवस झाला आहे.

१२ जुलै १९६१, बुधवार. आंबी नदीवरील पानशेतचे धरण सकाळी फुटले. काम पुरे झालेले नव्हते, आणि पहिल्याच पावसाळ्यात पाणी साठले होते. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून बांध धरण्याचा प्रयत्न केला, तो अपुरा पडला. तो लोंढा खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणात आला आणि तेही फुटले. नदीकाठच्या पेठा आणि डेक्कन जिमखान्याचा सखल भाग पाण्याखाली गेला. महाविद्यालये नुकतीच उघडलेली होती, म्हणजे पेठांतील खोल्या भरलेल्या होत्या.

या दिवसाचे वर्णन पुष्कळ झाले आहे. येथे एवढेच पाहावयाचे की, पावसाळ्याची जी तयारी पुणे पिढ्यान्‌पिढ्या करीत होते ती सर्व त्या दिवशी निरुपयोगी का ठरली. ती तयारी वरून येणाऱ्या पाण्याविरुद्ध होती. कौले फिरविलेली होती, पन्हळे साफ होती, आणि पाणी खालून आले. पेठांतील वाड्यांच्या कितीतरी भिंती पांढऱ्या मातीच्या. त्या पायथ्याशी विरघळल्या आणि वरचे शाकारलेले छप्पर जसेच्या तसे खाली बसले. विटांवर चढविलेली ट्रंक वीतभर ओलीपासून वाचते, पुरुषभर पाण्यापासून नव्हे. खडकवासल्याचे पाणी निघून गेल्याने पुढे शहराला नळाचे पाणी मिळेना. चहूकडे पाणी आणि घागर कोरडी अशी अवस्था झाली. विनयातील ती सवलत, जागा पाण्याने वाहून गेल्यास निघून जावे, त्या आठवड्यात पुष्कळ विद्यार्थ्यांना न वाचताच आचरावी लागली. पूरग्रस्तांसाठी निस्सेन झोपड्या उभ्या राहिल्या, नव्या वसाहती वसल्या, शहराचा नकाशा बदलला. आणि भाषेचाही. नदीकाठी ‘पूररेषा’ आल्या: पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. ‘क्युसेक’ हा शब्द भाजी आणावयास गेलेल्या माणसाच्याही तोंडी बसला. ‘विसर्ग’ची कथा तर आम्हां भाषेच्या शिक्षकांना चटका लावणारी आहे. वर्गात फळ्यावर दोन टिंबे काढून विसर्ग म्हणजे काय असे विचारले असता समोरून खडकवासल्याचे उत्तर येते. व्याकरणातील विसर्ग म्हणजे श्वास सोडणे, धरणाचा विसर्ग म्हणजे पाणी सोडणे. धात्वर्थाच्या दृष्टीने उत्तर चूक म्हणता येत नाही.

वादळाविषयी आतापर्यंत काही आले नाही, कारण पुण्याच्या पावसाळी तजविजीत वादळाला स्थान नव्हते. ‘वादळ’ आणि हिंदी ‘बादल’ हे एकाच वार्दल शब्दाचे. हिंदीने त्यातून ढग घेतला, मराठीने वारा. पण वादळांचा म्हणून काही ऋतू असतो आणि त्यासाठी घर बांधून-आवरून ठेवावयाचे असते ही कल्पना अमेरिकेच्या किनाऱ्यावरची. तेथला ‘हरिकेन’ हा शब्दही कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून स्पॅनिशांनी उचललेला. ‘सायक्लोन’ हा मात्र आपल्या उपसागराने जगाला दिलेला शब्द म्हणता येईल: कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टनने १८४८ मध्ये सापाच्या वेटोळ्याच्या ग्रीक कल्पनेवरून तो घडविला. ‘चक्रीवादळ’ हे त्याचे आपले रूप. पुण्याचा वादळाशी संबंध होता तो कागदावरचा. हवामानखात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, आणि १९४४ मध्ये ते दिल्लीस गेले तरी शिवाजीनगरच्या त्या चौकाला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात.

३ जून २०२० रोजी हा संबंध कागदावरचा राहिला नाही. ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडात श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात जमिनीवर चढले आणि त्याचा वारा घाट ओलांडून पुण्यावर आला. झाडे उन्मळली, पत्रे उडाले. टाळेबंदीमुळे विद्यार्थ्यांच्या अनेक खोल्या मार्चपासून कुलुपात होत्या. खिडकीची एक झडप उघडी राहिलेल्या खोलीत काय झाले ते खोली उघडल्यावरच कळले. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचविलेले. २०२० मध्ये तेरा देशांनी मिळून जी १६९ नावांची यादी केली तीत भारताची तेरा आहेत: गति, तेज, मुरासु, आग, व्योम, झार, प्रोबाहो, नीर, प्रभंजन, घुर्नी, अंबुद, जलधि, वेग. बंगाली आणि तमिळ कान त्यांत दिसतात. मराठीतले म्हणून ओळखू येईल असे एकही नाव नाही, ही तक्रार नोंदवून पुढे जातो.

अलीकडची दोन वर्षे अधिक बोलकी आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या लोंढ्याने दक्षिण पुण्यात माणसे आणि वाहने वाहून नेली. येथे नदी नव्हती, धरण नव्हते, केवळ ओढा होता, आणि त्याचे पात्र आवळलेले होते. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकांच्या घरात गेला, सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत तळमजले बुडाले, आणि त्याच पहाटे डेक्कनच्या पुलाच्या वाडीत तीन तरुणांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. पाणी वरून येवो वा खालून, त्यात वीज उतरली की तिसराच प्रकार होतो, आणि त्यासाठी आमच्या परंपरेत ना शब्द आहे ना सवय. शिवाजी महाराजांच्या पत्रातील उंदीर आणि वात यांच्या जागी आज जमिनीलगत लोंबणारी जोडतार आहे.

तेव्हा कॉट बेसिसवरच्या विद्यार्थ्याची आजची बेगमी तपासताना जुन्या यादीत भर घालणे क्रमप्राप्त आहे. खोली तळमजल्यावर असेल तर ती निळ्या रेषेच्या आत की बाहेर. मेन स्विच कोठे आहे आणि तो बंद करण्याची किल्ली कोणाकडे. प्रमाणपत्रे आणि संगणक माळ्यावर चढविता येतील का. शेवटी, रात्री दोन वाजता विसर्ग वाढल्याचा निरोप इमारतीत कोणाला येतो. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘सोसायटीच्या सभासदांना’ असे येते. विद्यार्थी सभासद नसतो. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सच्या करारांचे जे नमुने विद्यार्थ्यांनी मला दाखविले त्यांत रंगाच्या खर्चाचे कलम होते, खिळे न ठोकण्याचे होते, रात्री पाहुणे न ठेवण्याचे होते; गळती कोणी पाहावयाची याचे कलम एकातही नव्हते. उषवदाताने वीस भिक्षूंच्या कापडाची रक्कम व्याजाच्या दरासह दगडावर कोरून ठेवली होती.

विभागातील एम. ए.च्या विद्यार्थ्यांना येथे एक काम सुचवावेसे वाटते. पुण्याच्या पेठांत कौले फिरविणारे जुने कारागीर आता मोजके उरले आहेत, आणि मंगलोरी कौलांच्या जागी पत्रे आल्यापासून त्यांना बोलावणेही क्वचित येते. त्यांच्या तोंडी छपराच्या प्रत्येक सांध्याला, गळतीच्या प्रत्येक प्रकाराला वेगळे नाव असते. यांपैकी पुष्कळ नावे छापील कोशांत नाहीत. रोहिणी लागल्यापासून मृगापर्यंतचा पंधरवडा हा त्यांच्या कामाचा. त्या दिवसांत त्यांच्याबरोबर छपरावर चढून शब्द टिपावे, बोलणाऱ्याचे गाव आणि वय लिहावे, शक्य तेथे सांध्याचे रेखाचित्र काढावे, आणि टिपणे श्रावण लागण्यापूर्वी विभागात आणून द्यावी.